कमी पतगुणांक आणि मोटारीचे कर्ज

मोटार घेण्यासाठी कर्ज काढू पाहणाऱ्याचा पतगुणांक कमी असला, म्हणजे बोलभाषेत त्याचे ‘सिबिल खराब’ असले, की त्याला सर्वांत मोठी चिंता कर्ज मिळेल की नाही याची वाटते. प्रत्यक्षात आजच्या भारतीय बाजारात असे कर्ज कोठून ना कोठून मिळू शकते. मात्र ते कोण देतो, किती व्याजाने आणि किती मुदतीसाठी देतो, आणि हप्ता थकल्यास काय होईल याबद्दल करारात काय लिहून घेतो, यांवर पुढची चार-पाच वर्षे कुटुंबाची घडी नीट राहणार की विसकटणार हे अवलंबून असते. म्हणून कमी गुणांक असलेल्या कर्जदाराने ‘मिळेल का’ या प्रश्नावर न थांबता ‘कितीला पडेल’ या प्रश्नाकडे वळले पाहिजे. हा दुसरा प्रश्न नीट सोडवता आला, तर गुणांकातील उणिवेची बरीचशी भरपाई कर्जदाराला स्वतःच्या हाताने करता येते, हे या प्रकरणात आकड्यांच्या आधारे दाखवले आहे.

गुणांक कोठून येतो

पतगुणांक म्हणजे एखाद्या व्यक्तीने आजवर घेतलेली कर्जे आणि वापरलेली क्रेडिट कार्डे यांच्या परतफेडीच्या नोंदींवरून गणिती पद्धतीने काढलेला एक आकडा होय. भारतात या नोंदी ठेवण्याची संघटित व्यवस्था फार जुनी नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दीकी कार्यगटाच्या शिफारशीनंतर २००० साली मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘सिबिल’ हे नाव रूढ झाले. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला, आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली हे काम करतात. त्यामुळे लोक सरसकट ज्याला सिबिल म्हणतात तो आकडा चारांपैकी कोणत्याही कंपनीचा असू शकतो, आणि एकाच माणसाचे चार ठिकाणचे आकडे तंतोतंत सारखे असतीलच असे नाही.

हा आकडा ३०० ते ९०० या दरम्यान असतो. साधारणपणे ७५० च्या वरचा गुणांक चांगला समजला जातो आणि ६५० च्या खाली गेल्यावर बँकांचा हात आखडतो. पण या रेषा प्रथेने आणि प्रत्येक कर्जदात्याच्या धोरणाने ठरलेल्या आहेत, कोणत्याही कायद्याने नव्हेत. कर्जमंजुरीसाठी रिझर्व्ह बँकेने किमान गुणांक ठरवून दिलेला नाही आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही एवढ्या कारणावरून फेटाळू नये असे तिने कर्जदात्यांना कळवले आहे, हे केंद्र सरकारने २०२५ साली संसदेत स्पष्ट केले. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याच्या अहवालात गुणांकाच्या जागी ‘उणे १’ किंवा ‘एनएच’ अशी खूण येते. तिचा अर्थ नोंद नाही एवढाच असून वाईट गुणांकाशी तिचा संबंध नसतो, आणि या दोन परिस्थितींवरचे उपायही निराळे असतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. गावोगावच्या सहकारी पतसंस्थांमधून कर्जे घेऊन ती वेळच्या वेळी फेडलेली असंख्य कुटुंबे राज्यात आहेत. परंतु नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येतात, तशा या पतसंस्था येत नसल्याने त्यांच्याकडील व्यवहार पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत सहसा दिसत नाहीत. म्हणजे वीस वर्षे चोख व्यवहार ठेवणाऱ्या दुकानदाराचा पत अहवाल कोरा असू शकतो, तर एका क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क भरायचे राहून गेलेल्या नोकरदाराचा गुणांक घसरलेला असू शकतो. गुणांक माणसाच्या सचोटीचे मोजमाप करत नाही. जे नोंदले गेले त्याचाच तो हिशेब असतो.

अहवाल वाचायचा कसा

गुणांक हा पत अहवालाच्या शेवटी निघालेला निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष बदलायचा तर ज्या नोंदींतून तो निघाला त्या वाचाव्या लागतात. प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. चार कंपन्यांचे मिळून वर्षाला चार अहवाल कोणालाही फुकट मिळू शकतात. स्वतःचा अहवाल स्वतः मागवल्याने गुणांक कमी होत नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर कर्जदात्याने केलेली चौकशी मात्र अहवालात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अशा अनेक चौकश्या झाल्या तर अर्जदार पैशांसाठी वणवण करत आहे असा अर्थ लावला जाऊन गुणांकाला झळ पोहोचते. मोटारीच्या शोरूममध्ये विक्रेता एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी अर्ज पाठवतो तेव्हा नेमके हेच घडते, म्हणून किती ठिकाणी अर्ज जाणार हे सही करण्यापूर्वी विचारून घेणे आवश्यक असते.

अहवालात प्रत्येक कर्जखात्यापुढे महिन्यांची एक जाळी दिलेली असते आणि तिच्या प्रत्येक घरात तीन अक्षरे वा अंक असतात. ‘०००’ म्हणजे त्या महिन्यात काहीही थकलेले नव्हते. ‘०३०’ म्हणजे देय रक्कम तीस दिवस उशिराने होती. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती कर्जदात्याने कळवलीच नाही. थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली की ते खाते बँकेच्या हिशेबात अनुत्पादक ठरते, आणि त्याआधीचे तीस, साठ व नव्वद दिवसांचे टप्पे सूचक इशाऱ्यांसारखे नोंदले जातात. ही जाळी मागील छत्तीस महिन्यांची असल्याने, दोन वर्षांपूर्वी एकदाच चुकलेला हप्ता आणि गेल्या चार महिन्यांपासून सातत्याने चुकणारे हप्ते यांतील फरक अनुभवी कर्ज अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळतो, भले दोन्ही अर्जदारांचा गुणांक एकच असो.

खात्याच्या स्थितीच्या रकान्यात ‘क्लोज्ड’, ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ असे शब्द येतात. पहिल्याचा अर्थ कर्ज पूर्ण फिटले असा आहे. दुसऱ्याचा अर्थ तडजोडीने कमी रक्कम घेऊन खाते मिटवले असा आहे, आणि वसुली प्रतिनिधीने ‘एवढे भरा, विषय संपला’ असे सांगून घेतलेल्या रकमेची परिणती पुष्कळदा या शब्दात होते, जो पुढील कर्जदात्याला खटकतो. तिसऱ्याचा अर्थ कर्जदात्याने येणे बुडीत धरले असा आहे. ‘सेटल्ड’ खात्यातील उरलेली रक्कम भरून, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ती नोंद ‘क्लोज्ड’ करून घेता येते, आणि मोटारीच्या कर्जासाठी अर्ज करण्यापूर्वी करता येण्याजोग्या कामांत याचा क्रमांक फार वरचा लागतो.

अहवालात चुकाही आढळतात: फेडलेले कर्ज चालू दाखवलेले असते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते चिकटलेले असते, किंवा पॅन क्रमांकाच्या गैरवापरातून कधी न घेतलेले कर्ज दिसते. अशा चुकीबद्दलची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून लागू केला आहे. दखल न घेतली जाता तक्रार पडून राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क दाद मागता येते, आणि सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. पैसे घेऊन सिबिल ‘साफ’ करून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून मात्र दूर राहावे, कारण चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी मध्यस्थ लागत नाही आणि खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही.

मोटारीच्या कर्जाचे वेगळेपण

मोटारीचे कर्ज हे तारणी कर्ज आहे, आणि कमी गुणांक असलेल्याला वैयक्तिक कर्जापेक्षा ते सुलभपणे मिळण्याचे कारण यातच आहे. या तारणाला नजरगहाण म्हणतात: वाहन कर्जदाराच्या ताब्यात व वापरात राहते, परंतु त्यावरील कर्जदात्याचा हक्क नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसीवर, लिहिला जातो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५१ खाली फॉर्म ३४ भरून ही नोंद होते, आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ व कर्जदात्याचे ना-हरकत पत्र देऊन ती काढली जाते. आरटीओच्या आवारात या दोन क्रियांना एचपी चढवणे आणि एचपी उतरवणे असे म्हणतात.

तारण असले तरी ते घराच्या तारणासारखे भक्कम नसते, कारण मोटारीची किंमत शोरूमबाहेर पडल्यापासून घटू लागते. विमा व्यवसायात वाहनाचे विमामूल्य ठरवण्यासाठी जे घसाऱ्याचे कोष्टक वापरले जाते, त्यानुसार सहा महिन्यांनंतर एक वर्षापर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्या वर्षात ३० टक्के, चौथ्या वर्षात ४० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे कर्ज दिल्यापासून कर्जदात्याच्या हातातील तारण दरवर्षी आटत जाते, आणि कर्जदार हप्ते थकवेल ही शक्यता जितकी अधिक वाटेल तितकी कर्जदाता या आटण्याची भरपाई तीन मार्गांनी करतो: व्याजदर वाढवून, कर्जाची रक्कम वाहनाच्या किमतीच्या कमी प्रमाणात ठेवून, आणि जामीनदार किंवा सहकर्जदार मागून. कमी गुणांकाच्या कर्जदाराला या तिन्हींपैकी काय द्यावे लागेल याची निवड पूर्णपणे त्याच्या हाती नसते. पण दुसरा आणि तिसरा मार्ग त्याने आपणहून पुढे केला, तर पहिल्याचा भार कमी करण्याबद्दल बोलणी करता येतात.

व्याजाचा खरा आकडा

येथे एक ठोस हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. ६ लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार रुपये होते. कमी गुणांकामुळे तेच कर्ज १५ टक्क्यांनी घ्यावे लागल्यास हप्ता सुमारे १४,२७४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ५६ हजार रुपये पडते. गुणांकातील फरकाची ही किंमत सुमारे १ लाख ९ हजार रुपये आहे.

वाढलेला हप्ता झेपत नाही असे दिसले की विक्रेता मुदत वाढवण्याचा सल्ला देतो. १५ टक्के दरानेच मुदत सात वर्षे केली, तर हप्ता सुमारे ११,५७८ रुपयांवर येतो, म्हणजे ९ टक्क्यांच्या कर्जापेक्षाही तो हलका वाटतो. परंतु एकूण व्याज ३ लाख ७२ हजार रुपयांच्या वर जाते. धोका याहून खोल आहे. समजा मोटारीची शोरूममधील किंमत ६.५ लाख रुपये होती. सात वर्षांच्या या कर्जावर दोन वर्षे नियमित हप्ते भरल्यावर सुमारे २ लाख ७८ हजार रुपये दिले गेलेले असतात, पण त्यातून मुद्दल जेमतेम १ लाख १३ हजारांनी उतरलेले असून सुमारे ४ लाख ८७ हजार रुपये देणे शिल्लक राहते. तिसऱ्या वर्षी त्याच मोटारीचे विमामूल्य ३० टक्के घसाऱ्यानंतर ४ लाख ५५ हजार रुपये उरते. मोटार त्या वर्षी चोरीला गेली किंवा अपघातात निकामी झाली, तर विम्याची पूर्ण रक्कम मिळूनही कर्ज फिटणार नाही, आणि नसलेल्या मोटारीचे हप्ते खिशातून भरावे लागतील.

आता हाच हिशेब उलट दिशेने पाहावा. कर्जदाराने दीड लाख रुपये अधिक उभे केले, किंवा दीड लाखाने स्वस्त मोटार निवडली, आणि ४.५ लाखांचे कर्ज १५ टक्क्यांनीच पण चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,५२४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ५१ हजार रुपये येते. ९ टक्क्यांनी ६ लाख घेणाऱ्या, उत्तम गुणांकाच्या कर्जदाराचे आकडे याच्या अगदी जवळचे आहेत, आणि वर एक वर्ष आधी मोटार बोजामुक्त होते. व्याजदर कर्जदात्याच्या हाती असला तरी कर्जाची रक्कम आणि मुदत बऱ्याच अंशी कर्जदाराच्या हाती असते, आणि कमी गुणांकावरचा सर्वांत परिणामकारक उतारा या दोन गोष्टींत आहे.

डाऊन पेमेंटचा, म्हणजे सुरुवातीला स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेचा, विचार करताना शोरूममधील किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांतील अंतर विसरू नये. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के रस्ता कर लागतो, ६.५ लाखांच्या मोटारीवर तो ७१,५०० रुपये होतो, आणि विमा व नोंदणीचा खर्च त्यावर वेगळा. काही कर्जदाते या सर्व खर्चासह कर्ज देऊ करतात, पण कर आणि विमा यांवर खर्च झालेल्या रकमेला पुनर्विक्रीचे मूल्य नसते, त्यामुळे ती कर्जातून भरणे म्हणजे वर दाखवलेली दरी पहिल्याच दिवशी रुंद करणे होय.

जुन्या मोटारीच्या कर्जात आणखी एक आकडा फसवा ठरतो. काही ठिकाणी व्याज ‘फ्लॅट’ पद्धतीने सांगितले जाते, म्हणजे मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर आकारले जाते. ३ लाख रुपये तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज ९० हजार रुपये आणि हप्ता सुमारे १०,८३३ रुपये होतो. घटत्या शिल्लक रकमेवरील व्याजाच्या, म्हणजे बँका सामान्यतः वापरतात त्या, पद्धतीने मोजल्यास हा दर सुमारे १७.९ टक्के निघतो. म्हणून १० टक्के फ्लॅट आणि १४ टक्के घटत्या शिलकीवर असे दोन प्रस्ताव समोर असतील, तर दुसरा स्वस्त असतो. दोन्ही प्रस्तावांची तुलना करण्यासाठी वार्षिक टक्केवारी दर विचारावा. या दरात व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचे शुल्क आणि कर्जासोबत गळ्यात बांधलेल्या विम्याचा हप्ताही धरलेला असतो. ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि बँकेतर वित्तीय कंपन्या यांनी हा दर व सर्व शुल्के एका मुख्य तथ्य विवरणात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यावीत असे बंधन आहे. विवरणात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे आकारता येत नाही, त्यामुळे हे विवरण हाती पडल्यावाचून सही करू नये.

कोणत्या दारी जावे

कमी गुणांकाच्या अर्जदाराने पहिला अर्ज आपले पगाराचे किंवा व्यवसायाचे खाते जेथे अनेक वर्षे आहे त्या बँकेत करावा, कारण खात्यातील जमा-खर्चाची नियमितता बँकेला प्रत्यक्ष दिसत असते आणि शाखा व्यवस्थापकाला शिफारस करण्यासाठी काही आधार मिळतो. नागरी सहकारी बँकेत सभासदत्व आणि जुनी ओळख यांचा असाच उपयोग होतो. त्यानंतरचे दार बँकेतर वित्तीय कंपन्यांचे, म्हणजे लोकांच्या भाषेत फायनान्स कंपन्यांचे. सुंदरम फायनान्स, श्रीराम फायनान्स, महिंद्रा फायनान्स यांसारख्या कंपन्यांनी ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर आणि प्रवासी वाहने यांना कर्ज देत, पगाराची पावती नसलेल्या माणसाची परतफेडीची ताकद अजमावण्याचा अनुभव दीर्घकाळ कमावला आहे. त्यांचा दर सहसा बँकेपेक्षा जास्त असतो, पण उत्पन्नाच्या कागदांबाबत त्या अधिक लवचीक असतात.

चांगला गुणांक असलेला जोडीदार, आई-वडील किंवा भाऊ-बहीण यांना सहकर्जदार केल्यास मंजुरी सोपी होते. मात्र सहकर्जदार आणि जामीनदार यांची भूमिका नाममात्र नसते. ते कर्ज त्यांच्याही पत अहवालात दिसते आणि मुख्य कर्जदाराने हप्ता चुकवला की त्यांचाही गुणांक घसरतो. महाराष्ट्रातील कित्येक नातेसंबंध अशा एका सहीने कायमचे दुरावलेले आहेत. म्हणून ज्याला सही करायला सांगायचे त्याला हप्त्याची तारीख, रक्कम आणि अडचणीच्या काळातील पर्यायी तजवीज आधी सांगणे हे कर्जदाराचे नैतिक कर्तव्य आहे.

घरात मुदत ठेव, सोने किंवा समर्पण मूल्य असलेली विमा पॉलिसी असेल, तर तिच्या तारणावर कर्ज काढून डाऊन पेमेंट वाढवता येते किंवा जुनी मोटार पूर्ण रोखीने घेता येते. अशा कर्जात तारण भक्कम असल्याने गुणांकाला दुय्यम स्थान राहते आणि व्याजही बहुधा कमी पडते. त्याच वेळी, जी मोटार घसरत्या किमतीची आहे तिच्यासाठी स्त्रीधन गहाण पडते आहे, याचा निर्णय घरातील सर्वांच्या, विशेषतः जिचे दागिने आहेत तिच्या, संमतीनेच व्हावा.

सहा महिन्यांची तयारी

मोटारीची गरज तातडीची नसेल, तर अर्ज सहा महिने ते वर्षभर पुढे ढकलणे हा पुष्कळदा सर्वांत फायद्याचा निर्णय असतो. या काळात आधी थकीत देणी, कितीही लहान असली तरी, पूर्ण करून दाखले घ्यावेत. क्रेडिट कार्डाच्या मर्यादेच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरावे. किमान देय रक्कम तेवढी भरली तर नोंद बिघडत नाही, पण शिल्लक वाढत जाऊन वापराचे प्रमाण चढे राहते. जुने, नीट चाललेले कार्ड बंद करण्याची घाई करू नये, कारण त्याच्यासोबत असलेला दीर्घ इतिहास गुणांकाला आधार देतो. ज्याच्याकडे कार्डच नाही किंवा ज्याला ते नाकारले जाते, त्याने मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड घेऊन त्यावर किराणा किंवा पेट्रोल इतकाच खर्च करावा आणि वेळेवर फेडावा. कोऱ्या अहवालात नोंदी उमटवण्याचा हा कमी जोखमीचा मार्ग आहे.

जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांना पतमाहिती महिन्यातून किमान दोनदा, म्हणजे पंधरवड्याच्या किंवा त्याहून कमी अंतराने, अद्ययावत करावी लागते, त्यामुळे सुधारलेले वर्तन पूर्वीपेक्षा लवकर अहवालात दिसू लागते. हप्ता चुकल्याची नोंदही तितक्याच लवकर दिसते. याच काळात आणखी एक चाचणी घ्यावी: ज्या हप्त्याची तयारी करायची आहे तितकी रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाकावी. सहा महिने हे जमले तर हप्ता झेपेल याची खात्री पटते आणि डाऊन पेमेंटमध्ये भर पडते. जमले नाही, तर कर्ज घेण्यापूर्वीच ही गोष्ट समजल्याने मोठे नुकसान टळते.

अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे. नकाराची मुख्य कारणे लेखी कळवावीत अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे, आणि ते कारण कळल्याशिवाय दुसरीकडे धाव घेतल्यास एका चौकशीची नोंद वाढण्यापलीकडे काही साधत नाही.

कर्ज घेतल्यानंतर

वेळेवर भरलेला प्रत्येक हप्ता हा नवा, चांगला पूर्वेतिहास असतो. एक-दीड वर्ष सर्व हप्ते चोख गेल्यावर गुणांक सुधारला असेल, तर उरलेले कर्ज कमी दराने दुसऱ्या बँकेकडे वळवण्याचा विचार करता येतो. तेव्हा मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क तपासावे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या, बदलत्या व्याजदराच्या आणि व्यवसायेतर कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या कर्जावर असे शुल्क आकारता येत नाही. परंतु मोटारीची पुष्कळ कर्जे स्थिर दराची असतात आणि त्यांना ही सवलत लागू नाही, म्हणून वाचणारे व्याज आणि भरावे लागणारे शुल्क यांची वजाबाकी आधी करावी.

हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल, तर तारखेच्या दोन दिवस आधी पुरेशी शिल्लक आहे याची खात्री करावी. परत गेलेला धनादेश हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, तर अपुऱ्या शिलकीमुळे फसलेली इलेक्ट्रॉनिक वळती २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी कारवाईला कारण ठरू शकते. उशिराबद्दल आता दंडात्मक शुल्क लावता येते, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही.

आजारपण, नोकरी जाणे किंवा धंद्यातील मंदी यांमुळे हप्ता भरणे अशक्य होणार असे दिसताच, तो चुकण्यापूर्वी कर्जदात्याला लेखी कळवावे आणि मुदतवाढ किंवा हप्त्यांची फेररचना मागावी. गाडी लपवणे किंवा फोन बंद ठेवणे यामुळे तडजोडीची शक्यता संपते. दुसऱ्या बाजूने, कर्ज थकले म्हणून कर्जदाराचे हक्क संपत नाहीत. वाहनाचा ताबा घेण्यासाठी बळाचा वापर करणाऱ्या माणसांची नेमणूक बँकांनी करू नये, वसुली कायदेशीर मार्गानेच व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात बजावले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाईक वा मित्रांसमोर मानहानी करू नये. ताबा घेण्यापूर्वीची नोटीस, ताब्याची रीत आणि विक्रीपूर्वी परतफेडीची शेवटची संधी यांची तरतूद करारात असली पाहिजे. ताब्यात घेतलेली मोटार विकून आलेली रक्कम अपुरी पडली, तर उरलेले देणे कर्जदाराच्या माथी कायम राहते, म्हणून परिस्थिती हाताबाहेर जात असेल तर कर्जदात्याच्या परवानगीने मोटार स्वतःच बाजारभावाने विकून कर्ज फेडणे बहुधा कमी तोट्याचे ठरते.

शेवटचा हप्ता भरल्यावर काम संपले असे मानू नये. ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळवून आरसीवरील बोजा उतरवावा, विमा कंपनीकडील कर्जदात्याची नोंद काढून घ्यावी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पत अहवाल मागवून खाते ‘क्लोज्ड’ दिसते का हे पाहावे.

गुणांक हा भूतकाळाचा हिशेब आहे आणि भूतकाळ बदलता येत नाही. पण किती कर्ज घ्यायचे, किती वर्षांसाठी घ्यायचे, कोणत्या कागदावर सही करायची आणि कधी थांबायचे हे निर्णय कमी गुणांकाच्या माणसाकडेही पूर्णपणे शाबूत असतात. ज्याने स्वतःचा अहवाल कर्जदात्याच्या आधी वाचला, हप्त्याऐवजी एकूण खर्च मोजला आणि ऐपतीपेक्षा एक पायरी खालची मोटार निवडली, त्याला चढ्या दराचे कर्जही पेलता येते, आणि ते फिटेपर्यंत पुढच्या कर्जासाठी लागणारी पतही तो कमावून बसतो.